जगण्याचा हक्क दिला कुणी?

१९६०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या जिल्हा कारागृहात एक राजबंदी मराठीत विज्ञानाचे पुस्तक लिहीत होते. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे त्यांचे नाव. कम्युनिस्ट चळवळीतले कार्यकर्ते. १९६२च्या चिनी आक्रमणाच्या वेळी जाहीर झालेली आणीबाणी अजून उठली नव्हती आणि भारत संरक्षण नियमांखाली त्यांना स्थानबद्ध केलेले होते. सरकारच्या परवानगीनेच त्यांनी लिहायला घेतलेले पुस्तक पुरे झाले. ‘अणूच्या अंतरंगात’ असे त्याचे नाव. हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवू द्यावे, एवढीच मागणी त्यांनी केली. महाराष्ट्र सरकारने ती नाकारली.

संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकार त्यावर अपील घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात पोचले. पुस्तकात राज्याला धोका पोचेल असा मजकूर आहे, असे सरकारचे म्हणणे नव्हतेच. अनुक्रमणिका पाहिली तरी कळत होते की ते निखळ विज्ञानाचे पुस्तक आहे. सरकारचा मुद्दा वेगळाच होता आणि आज वाचतानाही तो अंगावर येतो. स्थानबद्धांना कोणत्या सवलती मिळतील याचा एक सरकारी आदेश आहे. त्या यादीत पुस्तक छापायला पाठवण्याची सवलत नाही. सबब तो हक्कच नाही. म्हणजे राज्य जे देईल तेवढेच माणसाचे, बाकीचे मुळातच नाही.

६ सप्टेंबर १९६५ रोजी न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी निकाल दिला. त्याच दिवशी भारतीय फौजा सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने निघाल्या होत्या. देश खऱ्याखुऱ्या युद्धात होता, आणि तरीही एका कैद्याच्या हस्तलिखितासाठी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला नकार दिला. न्यायालय म्हणाले, आदेशातल्या अटी म्हणजे सरकारने दिलेल्या देणग्या नव्हेत. माणसाचे स्वातंत्र्य किती मर्यादेपर्यंत आवळता येईल, एवढेच त्या अटी सांगतात. जे कायद्याने काढून घेतलेले नाही ते त्याच्याकडेच राहते. सरकारचा युक्तिवाद मान्य केला, तर जेवण देण्याची अट आदेशात लिहिली नाही म्हणून स्थानबद्धाला उपाशी मारणेही कायदेशीर ठरेल, असे न्यायालयाने बजावले. १९६५ साली हे उदाहरण युक्तिवाद किती टोकाला जातो हे दाखवण्यासाठी दिलेले होते. त्याला कुणी हो म्हणेल, असे तेव्हा कुणाला वाटले नसावे.

त्या निकालामागे आणखी एक निकाल होता. १९६३ साली, मखनसिंग खटल्यात, साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमताचे निकालपत्र लिहिले होते. राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद होते, हे त्यांनी मान्य केले. पण ज्या कायद्याखाली पकडले त्या कायद्याचेच उल्लंघन झाले असेल, किंवा आदेश दुष्ट हेतूने काढला असेल, तर न्यायालय ऐकून घेईल, असेही स्पष्ट केले. याला आधार असा की १९६२चा राष्ट्रपतींचा आदेश सशर्त होता. भारत संरक्षण कायद्याखाली स्वातंत्र्य गेले असेल तरच न्यायालयाचे दार बंद, असे त्यात लिहिलेले होते. कायद्याच्या बाहेर जाऊन पकडले, तर दार उघडे. त्याच फटीतून संझगिरींचे हस्तलिखित बाहेर आले.

१९७५ साली ही फट बुजवण्यात आली.

त्या जूनची हकीकत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. २७ जूनला घटनेच्या ३५९व्या कलमाखाली नवा आदेश निघाला. कलम १४, २१ आणि २२ यांच्या अंमलबजावणीसाठी कुणालाही न्यायालयात जाता येणार नाही, एवढेच त्यात होते. या वेळी अट नव्हती. कोणत्या कायद्याखाली पकडले आणि कायद्याप्रमाणे पकडले की नाही, हे विचारायला जागाच ठेवली नाही. अंतर्गत सुरक्षेच्या नावाने खटल्याशिवाय डांबू देणारा जो ‘मिसा’ कायदा होता, त्यात १६-अ हे कलम घालून अटकेची कारणे सांगण्याची गरजही काढून टाकली. कारणे ही राज्याची गुप्त बाब ठरली. ज्याला पकडले त्यालाही ती कळणार नव्हती आणि न्यायाधीशालाही.

यावरही सरकारचे समाधान झाले नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मिसात कलम १८ आले. त्याचा आशय असा, की या कायद्याखाली ज्याच्याविरुद्ध स्थानबद्धतेचा आदेश निघाला, किंवा निघाल्याचे भासवले गेले, त्याला नैसर्गिक कायद्याच्या किंवा रूढ कायद्याच्या आधारे वैयक्तिक स्वातंत्र्याचा कोणताही हक्क, असा काही हक्क असलाच तर, राहणार नाही. स्वतंत्र भारताच्या कायद्याच्या पुस्तकात हे छापले गेले. माणूस जन्मतः काही हक्क घेऊन येतो, हा विचार जगभरातल्या तत्त्वज्ञांनी शतकानुशतके मांडला, त्यावर राज्यक्रांत्या झाल्या, आणि इथे एका कलमात तो हक्क रद्द करण्यात आला. आणीबाणीच्या इतिहासात तुरुंग, सेन्सॉर, नसबंदी यांवर पुष्कळ लिहिले गेले. या चार ओळींवर फार थोडे. मला मात्र त्या काळातला सगळ्यात भयंकर मजकूर हाच वाटतो, कारण इतर अत्याचार कायदा मोडून झाले आणि हा कायदा करून झाला.

कारणे सांगायची नाहीत, दाद मागायची नाही, आणि हक्क होता असेही म्हणायचे नाही. तरीही देशभरातून माणसे उच्च न्यायालयांत गेली. त्यांनी मागितले ते हेबिअस कॉर्पस : या माणसाला आमच्यापुढे उभे करा आणि कोणत्या अधिकाराने डांबले ते दाखवा. बंगळुरूत पकडलेल्या अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधु दंडवते यांचीही याचिका त्यांत होती. राजापूरचे खासदार असलेले दंडवते आणि त्यांचे सहकारी पक्षांतरबंदी विधेयकाच्या संसदीय समितीच्या कामासाठी तिथे गेले होते. २६ जूनच्या सकाळी तिथल्या तिथेच त्यांना अटक झाली. दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. नवरा एका राज्यात कैदेत, बायको दुसऱ्या राज्यात, आणि दोघांनाही गुन्हा कोणता हे सांगायला कुणी बांधील नव्हते.

एकामागून एक नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले की या याचिका आम्ही ऐकू शकतो. त्यांत जबलपूर होते, बंगळुरू होते, आपले नागपूर खंडपीठही होते. आणीबाणीतली ही खरी धैर्याची गोष्ट, आणि ती लोकांना फारशी माहीत नाही. त्या न्यायाधीशांना पुढे काय होईल याची कल्पना होती. दिल्ली उच्च न्यायालयात पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या अटकेवर निकाल देणारे न्यायमूर्ती रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली. त्यांच्यासोबत बसलेले न्यायमूर्ती अगरवाल यांना उच्च न्यायालयातून खाली सत्र न्यायालयात परत पाठवले गेले.

या सगळ्या निकालांविरुद्ध सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल, या नावाने तो खटला ओळखला जातो. डिसेंबर १९७५मध्ये सुनावणी सुरू झाली. पीठावर पाच ज्येष्ठ न्यायमूर्ती होते : सरन्यायाधीश ए. एन. रे, एच. आर. खन्ना, एम. एच. बेग, य. वि. चंद्रचूड आणि पी. एन. भगवती. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, सोली सोराबजी आणि इतरांबरोबर वि. म. तारकुंडे उभे होते. तारकुंडे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद सोडून आलेले आणि एम. एन. रॉय यांच्या विचारांत घडलेले. नागरी स्वातंत्र्य हा त्यांच्यासाठी वकिलीचा विषय नव्हता, उरलेल्या आयुष्याचे काम होते.

सरकारची बाजू ॲटर्नी जनरल निरेन डे मांडत होते. सुनावणीत एका क्षणी न्यायमूर्ती खन्नांनी त्यांना विचारले की एकविसाव्या कलमात स्वातंत्र्याबरोबर जीवितही आहे. मग तुमचा युक्तिवाद जीवितालाही लागू होतो का? एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारले, तर? डे यांचे उत्तर असे, की आणीबाणी आहे तोवर त्यावरही न्यायालयाकडे उपाय नाही. याने आपल्या मनाला धक्का बसतो, हेही त्यांनी कबूल केले. सुब्बारावांनी दहा वर्षांपूर्वी अशक्य म्हणून दिलेले उदाहरण देशाच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याने त्या दिवशी भर न्यायालयात मान्य केले.

आता खटल्याचा गाभा. सरकार म्हणत होते, जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क फक्त एकविसाव्या कलमात राहतो. घटना अमलात आली तेव्हा त्याआधीचे जे काही होते ते त्या कलमात विरघळून गेले. ते कलम मिटले की हक्क मिटला. स्थानबद्धांचे वकील म्हणत होते, घटनेने हा हक्क निर्माण केला नाही, घटनेने तो मान्य केला. २६ जानेवारी १९५०च्या आधीही या देशात कुणाला कायद्याशिवाय कोंडून ठेवता येत नव्हते. इंग्रजी अमलातसुद्धा येत नव्हते. १९३१ साली नायजेरियातल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलचे लॉर्ड ॲटकिन यांनी म्हटले होते की आपल्या कृतीला कायद्याचा आधार आहे हे न्यायालयात दाखवता आले, तरच कोणताही अधिकारी माणसाच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करू शकतो. गुलाम देशातल्या प्रजेला जे होते ते प्रजासत्ताकातल्या नागरिकाला का नसावे, याला सरकारकडे उत्तर नव्हते.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल आला. चार विरुद्ध एक. आदेश बेकायदा असला, दुष्ट हेतूने काढलेला असला, मिसाच्या अटीही पाळलेल्या नसल्या, तरी कुणालाही हेबिअस कॉर्पससाठी उच्च न्यायालयात जाता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांचे निकाल एका दिवसात पुसले गेले.

निकालपत्रे वाचताना सर्वांत अस्वस्थ करतो तो त्यांतला विश्वास. न्यायमूर्ती बेग यांनी लिहिले की स्थानबद्धांचे खाणेपिणे आणि राहणे यांची राज्य जी काळजी घेते ती जवळजवळ आईच्या मायेची आहे. पुण्याचे चंद्रचूड यांनी नोंदवले की वकिलांमागून वकील भीती व्यक्त करत होते : सरकार स्थानबद्धाला चाबकाने मारील, नागवे करील, उपाशी ठेवील, गोळीही घालील. स्वतंत्र भारताच्या इतिहासावर असा डाग पडलेला नाही आणि असे कधी घडणार नाही, अशी आपल्याला हिऱ्यासारखी लखलखीत आणि कठीण आशा आहे, असे त्यांनी त्यावर लिहिले.

ते लिहिले गेले तेव्हा असे घडून गेले होते. कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी पी. राजन याला १ मार्च १९७६च्या पहाटे पोलिसांनी उचलले आणि कक्कयमच्या पोलीस छावणीत नेले. तिथल्या छळात तो मेला. निकालाच्या दिवशी त्याला जाऊन आठ आठवडे झाले होते, आणि घरी कुणाला त्याचा पत्ता नव्हता. त्याचे वडील ईच्चर वारियर, पेशाने प्राध्यापक, मंत्र्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. जिथे जायला हवे ते दार एप्रिलमध्ये दिल्लीत बंद झाले होते. २१ मार्च १९७७ला आणीबाणी उठली आणि २५ मार्चला त्यांनी केरळ उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची याचिका दाखल केली. राजनला पकडलेच नव्हते, असे सरकारने आधी सांगितले. न्यायालयाने ते मानले नाही, मुलाला हजर करा म्हणून आदेश दिला, आणि मग कबुली बाहेर आली. मुख्यमंत्री करुणाकरन यांना पद सोडावे लागले. राजनचा मृतदेह कधीच मिळाला नाही. हेबिअस कॉर्पस म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने हे वर्ष पाहावे. जो अर्ज करायला एक बाप वर्षभर थांबला, त्या अर्जाने महिन्याभरात सत्य बाहेर काढले.

बंगळुरूच्या तुरुंगात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी मिसाखाली होत्या. त्यांना दम्याचा तीव्र विकार होता. त्याच तुरुंगात असलेल्या दंडवत्यांनी पुढे आठवणीत नोंदवले, की रात्रीच्या शांततेत त्यांच्या कोठडीतून येणाऱ्या किंकाळ्या ऐकू येत. जानेवारी १९७७मध्ये त्यांना पॅरोलवर सोडले आणि काही दिवसांतच त्या गेल्या. आणीबाणीची पुढे चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या हिशेबाप्रमाणे त्या काळात मिसाखाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध होती. आईच्या मायेची ही आकडेवारी.

चार विरुद्ध एकमधला तो एक म्हणजे हंसराज खन्ना. निकालाआधी ते हरिद्वारला गेले असताना गंगेच्या काठी त्यांनी आपल्या बहिणीला सांगितले होते, की मी निकालपत्र तयार केले आहे आणि ते मला सरन्यायाधीशपदाला मुकवणार आहे. हे जाणून त्यांनी ते वाचून दाखवले. एकविसावे कलम हा जीवित आणि स्वातंत्र्याचा एकमेव साठा नाही, असे त्यांनी लिहिले. ते कलम नसते तरी कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचा प्राण किंवा स्वातंत्र्य हिरावून घेण्याची सत्ता राज्याला नाही. तसे नसेल तर कायद्याचे राज्य असलेला समाज आणि नसलेला समाज यांत फरकच उरणार नाही. नाझी राजवटीत माणसांची संघटित कत्तल झाली, तिचाही त्यांनी उल्लेख केला. खन्ना क्रांतिकारक नव्हते. १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा जणांच्या पीठात त्यांचेच मत निर्णायक ठरले होते, आणि तिथेही त्यांनी संसदेला घटना दुरुस्त करण्याचे भरपूर अधिकार मान्य केले होते. म्हणूनच त्यांचा १९७६चा नकार वजनदार आहे. राज्याचा आदर करणारा माणूस राज्याला सांगत होता की इथे तुझी हद्द संपते.

जानेवारी १९७७मध्ये सरन्यायाधीशपद रिकामे झाले. ज्येष्ठतेनुसार ते खन्नांचे होते. सरकारने बेग यांना नेमले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

बहुमताच्या बाजूने एक म्हणणे आजही मांडले जाते : घटनेत ३५९वे कलम होते, आदेश स्पष्ट होता, न्यायाधीशांनी कायदा जसा होता तसा वाचला. मला हे पटत नाही. गजेंद्रगडकरांनी आणि सुब्बारावांनीही तीच घटना वाचली होती. नऊ उच्च न्यायालयांनी आणि खन्नांनी १९७५-७६मध्ये तोच आदेश वाचला. शब्द सगळ्यांपुढे तेच होते. फरक होता तो वाचायला सुरुवात कुठून करायची याचा. राज्यापासून सुरुवात केली की माणसाचे हक्क ही दिलेल्या वस्तूंची यादी होते आणि यादीत नसलेले सगळे राज्याचे. माणसापासून सुरुवात केली की प्रत्येक बेडीला राज्याने कारण दाखवावे लागते. भगवतींनी पुढे आयुष्याच्या अखेरच्या काळात आपला निकाल चुकला हे जाहीरपणे मान्य केले. त्याचा मान ठेवला पाहिजे, पण १९७६ला ते म्हणायला एकच जण तयार होते.

आणीबाणीनंतर काही गोष्टी दुरुस्त झाल्या. १९७८मध्ये मिसा रद्द झाला आणि त्याबरोबर कलम १८ही गेले. त्याच वर्षीच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरवले की आणीबाणीतही विसावे आणि एकविसावे कलम थांबवता येणार नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारणही गेले, त्याजागी सशस्त्र उठाव आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. जीवित आणि स्वातंत्र्य ही घटनेची निर्मिती नव्हे, ती माणसाबरोबरच येतात, असे त्यातल्या मुख्य निकालपत्रात म्हटले आहे. ते लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड १९७६च्या चंद्रचूडांचे पुत्र. त्यांनी वडिलांचा निकाल नाव घेऊन उलटवला. एकेचाळीस वर्षे लागली.

पण एक काम अजून राहिले आहे, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. आपल्या घटनेच्या बाविसाव्या कलमाने आणीबाणी नसतानाही, शांततेच्या काळातही, खटल्याशिवाय माणसाला तीन महिने डांबून ठेवता येते. त्याहून अधिक काळ ठेवायचे, तर ती मुदत संपण्याआधी सल्लागार मंडळाचा अनुकूल अभिप्राय लागतो. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने ही मुदत दोन महिन्यांवर आणली होती आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमावे, असे घातले होते. संसदेने ते मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती मिळाली. ते कलम अमलात कधी आणायचे, याची अधिसूचना काढणे सरकारवर सोपवले होते. १९८१ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा सरकारला तशी सक्ती करता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. ते निकालपत्र सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांचे होते. त्यानंतर केंद्रात अनेक पक्षांची सरकारे आली. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांचीही आली. ती अधिसूचना कुणीही काढलेली नाही.